शिकेल हळूहळू

पश्चिम मांबलम, चेन्नई
११ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

नमस्कार. पत्रात 'तू बरी असशीलच' असं लिहायची पद्धत आहे, पण मी विचारतेच आहे. बरी आहेस ना?

कागदावर लिहिलंय म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोनवर तुझ्याशी बोलायला लागलं की भाऊजी शेजारी असतात आणि बोलणं त्यांच्याशीच जास्त होतं. मेसेज केला तर 'आपल्या प्रगतीचे वृत्त वाचून समाधान वाटले' असं उत्तर येतं. अशी भाषा तू कधीपासून लिहायला लागलीस? म्हणून हे पत्र शाळेच्या पत्त्यावर. संगीत शिकवणाऱ्या बाईंचं पत्र कोण कशाला फोडेल!

आधी आनंदाची बातमी. नवरोबांचा, म्हणजे सुधींद्रचा पिक्चर लागला आणि धो धो चालतोय. चालतोय म्हणजे सुधींद्रमुळे चालतोय! नायक तरुण आहे, नाव मोठं आहे, थिएटरबाहेर त्याचा दोन मजली कटाउट होता आणि पोरांनी त्यावर दुधाचे कॅन ओतले. आत गेल्यावर मात्र निराळंच झालं. नायकाची मोठी मारामारी एन्नोरला घेतली आहे, मागे विजेच्या कारखान्याची धुराडी, राखेचे ढीग, आणि हा एकटा वीसेक माणसांना उडवतोय. माझ्या शेजारचा मुलगा तेव्हा फोनवर मेसेज बघत होता. आणि सुधींद्र पडद्यावर आला की तोच मुलगा पुढे सरकून बसायचा.

खलनायक म्हणजे एका शिक्षणसंस्थेचा चेअरमन. दिग्दर्शकाने आधी त्याच्या हातात कोयता दिला होता, ओरडणं, दात-ओठ खाणं, सगळं लिहिलं होतं. सुधींद्र म्हणाला, मी आवाज चढवणार नाही. आपला सुधींद्र, विम्याच्या ऑफिसात खाली मान घालून बसणारा, संध्याकाळी सभेच्या, म्हणजे इथल्या कलामंडळाच्या, नाटकात कुणाचा तरी काका होणारा! दिग्दर्शकाने म्हणे कंटाळून 'बरं, एकदा करून दाखवा' म्हटलं. आणि मग तो सीन झाला.

सीनमध्ये काही नाही, ताई. घरी पाहुणे बसलेत. बायको कॉफी आणते. हा एक घोट घेतो, पेला खाली ठेवतो, एका बोटाने थोडा दूर सारतो. बायको उचलून आत नेते, दुसरी आणते. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती आत जाते तेव्हा हा पाहुण्यांकडे बघून हसतो आणि म्हणतो, "मेदुवा कत्तुक्कुवा." म्हणजे, शिकेल हळूहळू. लग्नाला वीस वर्षं झालेली बायको. मग मागून एका बाईने मोठ्याने शिवी दिली आणि टाळ्या पडल्या. आता कॉलेजची पोरं एकमेकांना हेच वाक्य म्हणतात. सुधींद्रला ऑटोवाले पैसे घेताना घाबरतात.

हे सगळं ऐकून तुला हसू येईल. मलाही पहिले काही दिवस येत होतं.

मागच्या शनिवारी आम्ही टी. नगरला गेलो होतो, सासूबाईंसाठी साडी घ्यायला. सुधींद्र पैसे द्यायला काउंटरवर उभा होता. साड्या दाखवणारी बाई माझ्याजवळ वाकली आणि हळूच तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, घरीसुद्धा असेच का हो?" मी हसले. म्हटलं, छे, घरी तर झुरळाला घाबरतात. ती हसली नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सगळ्या असंच सांगतात."

तेव्हापासून ताई, माझं डोकं ठिकाणावर नाही. हे सुधींद्रला आलं कुठून? नाटकवाले म्हणतात, जे आत असतं तेच बाहेर येतं. मग आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, ते आत कुठे होतं? परवा त्याने सांबार चाखून 'छान झालंय' म्हटलं, तर मी त्याची पाठ वळल्यावर पुन्हा चव घेऊन पाहिली. तो टॉवेल मागतो तर मी त्याच्या आवाजाकडे कान लावते. सिरुसेरीला ऑफिसात बसून कोडमधल्या चुका शोधायच्या सोडून मी नवऱ्यातल्या शोधते आहे.

आणि एक खोटं तर पकडलंच. शूटिंगच्या आधी तो दर रविवारी 'तालमीला जातो' सांगून घराबाहेर पडायचा. परवा सहदिग्दर्शक वेंकट मिठाई घेऊन आला होता. बोलता बोलता म्हणाला, "सरांनी एकही तालीम मागितली नाही, थेट सेटवरच आले." मी सुधींद्रकडे बघितलं. तो मिठाईच्या डब्याची दोरी सोडवत बसला. त्या सगळ्या रविवारांना तो कुठे जात होता? कुणाच्या घरी? कोणाबरोबर तो असा वागतो, की इतकं हातात बसलंय?

विचारायचं होतंस, म्हणशील. विचारायची हिंमत नाही झाली. विचारलं सासूबाईंनी. त्यांनी पिक्चर पाहिला. घरी येऊन चपला काढतानाच त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "सुधी, हा तूं नव्हेस रे. कोणास पाहून केलास?"

सुधींद्र तडक गच्चीवर निघून गेला. ताई, त्याने जाताना माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं चोरी पकडली गेलेल्या माणसाचं होतं.

तू मला नेहमी म्हणतेस की मी फार संशयी आहे. या वेळी पण तसंच सांग. लवकर लिही.

तुझी,
देवू


चेन्नई
१ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझं उत्तर नाही. शाळेत फोन केला होता, तर ऑफिसातून सांगितलं, पत्र बाईंच्या हातात दिलंय. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस. आधी वाटलं रागावलीस. आता मला वाटतं, तो कॉफीचा सीन मी लिहिला तिथेच तुला सगळं कळलं असणार. मला कळायला उशीर लागला.

परवा ऑफिस सुटल्यावर मी घरी न जाता एकटीच पुन्हा पिक्चरला गेले. पहिल्यांदा मी सुधींद्रचा चेहरा बघत होते. या वेळी ठरवून हात बघितले. बोलायच्या आधी दोन बोटांनी चष्मा वर सारायचा. समोरचा बोलत असताना टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, धूळ आहे का बघितल्यासारखा. 'हो' म्हणायच्या जागी डोळे मिटायचे. इंटरव्हलला दिवे लागले आणि मी पॉपकॉर्नच्या रांगेत उभी राहून रडायला लागले. एक मुलगी विचारत होती, काय झालं आंटी.

कोण ते मी लिहीत नाही. लिहायला हवं का?

घरी आले तेव्हा सुधींद्र भाजी चिरत होता. मी पर्स खाली ठेवली नाही, तशीच उभी राहिले.

"दिनानाथ भाऊजी," मी म्हटलं.

त्याने सुरी बाजूला ठेवली. "तूं ओळखशील म्हणूनच घरी तालीम केलों नाही," तो म्हणाला. "सभेचा हॉल रविवारी रिकामा असतो. तिथं बसून करत होतों." त्याचं ते जुनं तंजावरी मराठी, एरवी मला हसू येतं. त्या दिवशी एकेक शब्द टोचत होता.

मी खूप बोलले. म्हटलं, माझ्या बहिणीचा संसार तू पडद्यावर मांडलास. लोक टाळ्या वाजवतात तुझ्यासाठी. आणि पुराव्याशिवाय? भाऊजी कडक आहेत, शिस्तीचे आहेत, कॉलेजचे प्राचार्य आहेत, अख्खं सोलापूर त्यांना मान देतं. आमची आई अजून म्हणते, अर्चनाने नशीब काढलं. तू आठ-दहा दिवसांत काय पाहिलंस असं?

त्याने ऐकून घेतलं. मग सांगितलं. गेल्या वर्षी भाऊजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही आमच्याकडे होतात, तेव्हाचं. सुधींद्रच्या ऑफिसातले लोक भेटायला आले होते. भाऊजींना कॉफी तुझ्याच हातची लागते म्हणून तू केलीस. त्यांनी एक घोट घेतला आणि पेला सारला. तू आत नेलास. दुसरी आणलीस. पुन्हा सारला. 'शिकेल हळूहळू,' भाऊजी म्हणाले, आणि सगळे हसले.

"मी पण हसलों," सुधींद्र म्हणाला. "मग पाणी घ्यावं म्हणून आत आलों. ताईंची पाठ होती माझ्याकडे. त्यांनी नवी कापी केलीच नाही. तीच कापी दुसऱ्या पेल्यात ओतल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग तीच बाहेर नेल्या. दिनानाथराव घोट घेऊन बोल्ले, आता जमली."

तेव्हा कुठे मी पर्स खाली ठेवली, ताई. जमिनीवरच.

"हे पिक्चरमध्ये का नाही?" मी विचारलं.

"ते मज कोणास सांगता आलं नाही. दिग्दर्शकासही सांगितलों नाही. ते ताईंचं आहे."

त्याला मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. मला सांगायला तोंड उघडेना, आणि कॅमेऱ्यापुढे उभं राहून सगळ्या तमिळनाडूला सांगितलं. तो म्हणतो, तुला सांगितलं असतं तर तू मलाच संशयी म्हणाली असतीस. खरं आहे ते, म्हणून जास्त राग येतो.

आता मला एकेक दिसायला लागलंय. व्हिडिओ कॉलवर तुझ्या खांद्याशी कायम दिसणारं त्यांचं कोपर. आकाशवाणीवर गायचं तू एकाएकी सोडलंस, कारण विचारलं तर भाऊजींनी सांगितलं की तिचा घसा नाजूक आहे. तुझा घसा कधीच नाजूक नव्हता, अख्खी गल्ली उठायची. चेन्नईला एकटी कधी आली नाहीस. आईच्या आजारपणातसुद्धा दोन तास माहेरी येऊन गेलीस आणि ते खाली गाडीत बसून होते.

की मी आता सगळीकडे तेच बघते आहे? माझंच मन मला धड सांगत नाही. नवऱ्यावर संशय घेतला तो चुकला, आता तुझ्या नवऱ्यावर घेते आहे. तू एकदा लिही की देविका, तुझं डोकं फिरलंय. मी आनंदाने मान्य करीन. पण तू स्वतः लिही. त्यांची भाषा मला ओळखू येते.

एक भीती आहे. पिक्चर याच महिन्यात हिंदीत घरोघरी मोबाइलवर येतोय. भाऊजी बघतील. ओळखतील. मग तुझ्यावर काय येईल, या विचाराने मला सुचेनासं झालंय. सुधींद्रही घाबरलाय. टाळ्यांच्या भरात हे त्याला सुचलंच नव्हतं, असं म्हणतो.

मी येऊ का तिकडे?

देवू


सोलापूर
२८ सप्टेंबर २०२४

चि. देवूस आशीर्वाद.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं आणि पुढच्या तासाला मुलींना कुठलं गाणं शिकवत होते तेच विसरले. दुसरं आलं तेव्हा उत्तर लिहायला चारदा बसले. प्रत्येक वेळी 'तुझं डोकं फिरलंय' एवढंच लिहायचं होतं. हात उठेना.

येऊ नकोस. आणि यांच्याबद्दल तू विचारलंस त्याचं उत्तर, हो, तुला दिसतंय ते खरं आहे.

सुधींद्रला आधी सांग की मी रागावलेली नाही. स्वयंपाकघरात त्याने मला पाहिलं हे मला माहीत नव्हतं. घरात कुणी पाहत नाही असं धरून इतकी वर्षं काढली. कुणीतरी पाहिलं होतं, आणि हसणं थांबवलं होतं, हे कळल्यावर मला पहिल्यांदा लाज वाटली आणि मग बरं वाटलं. या क्रमानेच लिहिते, उगाच मोठेपणा नको.

आता पिक्चरचं. तुझी भीती खरी ठरली नाही. जे झालं ते तुला पटणार नाही.

यांनी मोठ्या हौसेने गणपतीनंतरच्या रविवारी कॉलेजातली तीन जोडपी जेवायला बोलावली. आमचे साडू सिनेमात आहेत म्हणून. हॉलमध्ये टीव्हीला पिक्चर लावला. हिंदी आवाज दुसऱ्याच कुणाचा आहे, पण सुधींद्रने हात, चष्मा, मान सगळं असं उचललंय की मी सोफ्याच्या मागे उभी होते ती तिथेच खिळले. पळून जावंसं वाटलं. मग तो सीन आला.

देवू, त्या सीनला कुणीच टीव्हीकडे बघत नव्हतं. यांच्या हातात चहाचा कप होता आणि सगळे त्या कपाकडे बघत होते. नंतर एकेकाने मान खाली घातली. त्यांतल्या गुंडो सरांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन वाटीतले चिवड्याचे दाणे निवडायला लागली. म्हणजे त्यांना सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं आमच्याकडे जेवून जातात, हसतात, आणि त्यांना माहीत होतं. मला वाटायचं, मीच फार मनाला लावून घेते.

आणि हे? हे खूश होते. पाहुणे लवकर लवकर गेले, त्याचंही यांना काही वाटलं नाही. म्हणाले, "तो हिरो कशाला घेतलाय? नुसता आरडाओरडा. अख्ख्या पिक्चरमध्ये डोकं ताळ्यावर असलेला माणूस एकच, आपला सुधींद्र. शेवटी त्याला मारायला नको होतं."

मी विचारलं, "तुम्हाला त्याला बघून कुणाची आठवण नाही झाली?"

त्यांनी नीट विचार केला. खरंच विचार केला गं, कपाळाला आठ्या घालून. मग हसून म्हणाले, "झाली की. आमच्या संस्थेच्या जुन्या अध्यक्षांची. हुबेहूब. बिचाऱ्या बायकोचे फार हाल केले त्या माणसाने."

मी उष्टी भांडी उचलून आत आले. ओट्याशी उभी राहिले आणि मला कळलं की मी एवढी वर्षं कशाची वाट बघत होते. एक दिवस यांच्या लक्षात येईल, याची. कुणीतरी आरसा धरेल आणि यांना दिसेल. आरसा तर एवढा मोठा धरला, हॉलभर. यांनी त्यात दुसऱ्याच माणसाला ओळखलं.

त्या रात्री मला छान झोप लागली. हे तुला विचित्र वाटेल. वाट बघायचं काम संपलं होतं.

सकाळी मी सांगितलं, "मी चेन्नईला जाते आहे, देविकाकडे."

"कुणाबरोबर?"

"एकटी."

"रिझर्वेशन वगैरे जमेल का तुला?" डोळे मिटून, शांतपणे.

"काढलंय." खोटं बोलले. शाळेत गेल्यावर सहशिक्षिका संयुक्ताने काढून दिलं.

"परत कधी?"

"ते ठरवलं नाही."

त्यावर हे रागावलेही नाहीत. काल स्वतः उठून माझ्यासाठी चहा केला, समोर आणून ठेवला आणि मी पिईपर्यंत बसून राहिले. लग्नानंतर पहिल्यांदा. मला त्या चहाची भीती वाटली. प्यायले, चांगला झाला होता, आणि तसं मी म्हटलं नाही. आज विचारत होते, देविकाला फोन करून कळवू का, तुझी तब्येत बरी नसते हे तिला माहीत असलेलं बरं. तुला तसा फोन आला तर 'हो हो' म्हण आणि त्यातलं काही खरं धरू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे. आईलाही हेच सांगतील. तिला मी भेटूनच सांगेन, पत्रात तिला झेपणार नाही.

यशला पुण्याला हॉस्टेलवर फोन केला होता. पिक्चर त्याने आधीच बघितलाय, मित्रांबरोबर. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाला, "आई, मला माहितीये. तू जा." एवढंच.

सुधींद्रला माझं एक काम सांग. तुमच्या पिक्चरात तो सीन झाल्यावर ती बायको पुन्हा दिसतच नाही. नायक आपल्या बहिणीसाठी सूड घेतो, चेअरमन मरतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि ती बाई कुठे गेली ते कुणी विचारत नाही. मी शेवटपर्यंत तिचीच वाट बघत होते. त्याला विचार, तिचं काम कुणी केलं आणि ती बाई कुठे राहते. मला तिला भेटायचंय. काही बोलायचं नाही, भेटायचंय फक्त.

गाडी गुरुवारी सकाळी पोचते. बरोबर एक बॅग आणि माझी पेटी आहे, पेटी जड आहे, तेव्हा सुधींद्रला स्टेशनवर ये म्हणावं. तुमच्या शेजाऱ्यांना पहाटेच्या रियाजाचा त्रास होईल, त्यांना आधीच कल्पना देऊन ठेव.

सासूबाईंना नमस्कार. त्यांनी पहिल्या फटक्यात ओळखलं, त्यांच्या पाया पडायचंय मला.

तुझी,
अर्चनाताई

ता. क. या पत्राला उत्तर पाठवू नकोस. शाळेच्या पत्त्यावर आता मी नसेन.